विज्ञानकथेचं आशयसूत्र आणि पात्राचा प्रवास कसा शोधायचा: ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ समोर ठेवून

विज्ञानकथेचं रसग्रहण लिहायला घेतलं की बहुतेकांची गाडी दोन ठिकाणी रुतते. अर्धी पानं कथा पुन्हा सांगण्यात जातात आणि उरलेली तिच्यातलं विज्ञान समजावण्यात. मग ‘आशयसूत्र’ आणि ‘व्यक्तिरेखेचा विकास’ हे दोन मथळे शेवटी घाईघाईने, एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे उरकले जातात. विज्ञानकथेत मात्र ही दोन्ही एकाच जागी सापडतात. लेखक जगाचा एखादा नियम बदलतो, आणि त्या बदललेल्या जगात पात्राच्या जुन्या सवयीला ठेच लागते. ती ठेच कुठे लागली ते सापडलं की निम्मं काम झालं.

ही जागा कशी शोधायची ते जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेवर करून पाहू. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका ट्रकच्या टकरीनंतर अशा जगात पोहोचतात जिथे मराठे पानिपत जिंकले आहेत, आणि तिथून परत येतात, एवढी ती कथा. कथा लहान आहे, अनेकांनी वाचलेली आहे आणि ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात, ‘हॉर्नबिल’मध्ये आलेली आहे.

आधी हातातली प्रत तपासा

पाठ्यपुस्तकातलं रूप संक्षिप्त आहे. खालचे तपशील त्या रूपाला धरून आहेत. तुमच्याकडे मराठी कथा असेल तर प्रत्येक तपशील तिथे ताडून पाहा आणि मगच लिहा. एका आवृत्तीतला प्रसंग आणि दुसरीतलं वाक्य अशी सरमिसळ ही अशा लेखनातली सगळ्यात सामान्य चूक आहे. तपासणाऱ्याला ती लगेच दिसते. वहीच्या पहिल्या ओळीत आवृत्ती आणि पान क्रमांक लिहून ठेवा.

तीन वाचनं, तीन कामं

पहिलं वाचन हातात पेन्सिल न घेता, एका बैठकीत करा. दुसऱ्या वाचनात आपल्या जगापेक्षा जे जे वेगळं आहे तेवढंच अधोरेखित करा. तिसऱ्यात फक्त मुख्य पात्राकडे बघा: त्याने काय निवडलं, काय टाळलं, कशावर चिडलं. दुसरं आणि तिसरं वाचन एकत्र करू नका. बदललेलं जग इतकं रंजक असतं की डोळे तिकडेच धावतात, आणि पात्राच्या बारीक हालचाली सुटून जातात.

बदललेला नियम एका वाक्यात लिहा

वाक्य ‘जर’ने सुरू करा आणि पंचवीस शब्दांत संपवा. या कथेसाठी पहिला प्रयत्न बहुधा असा होतो: जर मराठे पानिपत जिंकले असते तर. हे चुकीचं नाही, पण ढोबळ आहे. कथेतला बदल त्याहून पुष्कळ लहान आहे. विश्वासरावाला लागायची ती गोळी त्याच्या कानाला चाटून जाते. लढाई, साम्राज्य, मुंबईतला ब्रिटिश अंमल हे सगळं त्या एका गोळीच्या मागून येतं. म्हणून वाक्य असं हवं: जर १७६१ मध्ये विश्वासरावाला लागलेली गोळी तिळभर चुकली असती तर इतिहास कुठे गेला असता?

‘तिळभर’ हा शब्द इथे शोभेचा नाही. कथेतल्या बखरीत अंतराचं माप तिळाचंच आहे. ते पकडलं की आशयसूत्राचा पहिला धागा हाती येतो: कारण केवढंसं आणि परिणाम केवढा.

या कथेत दुसरंही एक गृहीतक आहे: माणूस एका वास्तवातून दुसऱ्यात जाऊन परत येऊ शकतो. पहिलं गृहीतक इतिहासाचं आहे, दुसरं भौतिकशास्त्राचं. दोन्ही वेगळ्या ओळींवर लिहा. ती एकत्र झाली की निबंधात ‘या कथेचा विषय कॅटॅस्ट्रोफी थिअरी (हळूहळू बदलणाऱ्या परिस्थितीत परिणाम अचानक उडी घेतो, असं सांगणारी गणिती मांडणी) आहे’ असलं वाक्य अवतरतं. ती थिअरी कथेतलं साधन आहे, आशय नव्हे.

फरकांची यादी, पण क्रमासह

वहीत चार रकाने आखा: काय वेगळं आहे, गंगाधरपंतांना ते कुठे दिसतं, ते त्यावर काय करतात, आणि लेखक तिथे किती थांबतो. शेवटचा रकाना लोक गाळतात. खरा माल तिथेच असतो.

पुण्याहून मुंबईला जाणारी जिजामाता एक्सप्रेस डेक्कन क्वीनपेक्षा वेगवान आहे. वाटेत ‘सरहद’ नावाचं स्टेशन लागतं, तिथे परवाने तपासले जातात आणि पुढे ब्रिटिश अंमल सुरू होतो. डब्यातले खानसाहेब पेशावरला निघालेत. मुंबईत उतरल्यावर समोर ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय उभं आहे. १८५७ नंतर लवकरच गुंडाळली गेलेली कंपनी इथे जिवंत आहे, म्हणून इतिहासाचे प्राध्यापक चक्रावतात. मग ते फोर्ब्सच्या इमारतीत मुलाची, विनय गायतोंडेची, चौकशी करतात. त्या नावाचं तिथे कोणीच नाही. त्यानंतर टाउन हॉल आणि एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय.

आता क्रम बघा: रेल्वे, शहर, मुलगा, ग्रंथ. बाहेरून आत येत येत वाचकाची अपेक्षा अशी होते की मुलाजवळ कथा थांबेल. ती थांबत नाही. मुलगा या जगात नाही हे कळल्यावर गंगाधरपंत बाहेर पडतात, रात्री राहायचं कुठे याचाही विचार करत नाहीत, घाईत चार घास खातात आणि इतिहासाचं कोडं सोडवायला ग्रंथालय गाठतात. लेखक ग्रंथालयात जितका रमतो तितका मुलाच्या प्रसंगात रमत नाही. इथे दोन शक्यता आहेत. लेखकाला भावनिक प्रसंगात रस नाही, किंवा हा माणूसच असा आहे. दोन्ही नोंदवा, निर्णय पुढे ढकला. अशा जागेवर घाईने ‘व्यक्तिरेखा कमकुवत’ असा शिक्का मारणारे पुढे अडचणीत येतात, कारण शेवटी हाच गुण कामाला येतो.

पात्रासाठी चार प्रश्न

त्याला काय हवं आहे? तो कशाला पक्कं धरून आहे? दबाव आला की काय निवडतो? त्याची किंमत काय मोजतो? प्रत्येक उत्तरापुढे कथेतली एक कृती हवी, विशेषण नको. ‘गंगाधरपंत जिज्ञासू आहेत’ हे उत्तर नव्हे. ते आपल्या इतिहासाचे पाचही खंड मागवतात आणि इतिहास नेमका कुठे वळला ते शोधत पाचव्या खंडात पानिपतापाशी येऊन थांबतात, हे उत्तर.

दुसऱ्या प्रश्नाला वेळ द्या. गंगाधरपंत पुराव्याचे माणूस आहेत. बखरींवर ते सहसा भिस्त ठेवत नाहीत. त्या वाचायला मजेशीर, पण रंगवलेल्या, असं त्यांचं मत आहे. तरीही लढाईचा उलगडा त्यांना ‘भाऊसाहेबांच्या बखरी’तल्या तीन ओळींत मिळतो. पुढे दोन वास्तवांमधला एकमेव ठोस दुवा ठरतं ते त्याच बखरीचं फाटकं पान. ज्या प्रकारच्या साधनावर इतिहासकाराचा विश्वास नाही, तेच त्याच्या साहसाचा पुरावा होतं. हा विरोधाभास नुसता उल्लेखून पुढे जाऊ नका, निबंधात त्याला एक पूर्ण परिच्छेद द्या.

बखर खिशात कशी गेली तेही पाहा. टिपणं त्यांनी जाणूनबुजून एका खिशात घातली, बखर मात्र नकळत दुसऱ्यात गेली. शिस्तीने केलेल्या कामाने त्यांच्या हाती काही राहत नाही. हाती राहतं ते विसरभोळेपणातून आलेलं एक पान. पुन्हा तेच, तिळाएवढं कारण.

खुर्चीचा प्रसंग जवळून वाचा

प्रत्येक विज्ञानकथेत एक प्रसंग असा असतो जिथे नवं जग आणि जुनी सवय समोरासमोर येतात. इथे तो आझाद मैदानावर आहे. तो ओळीओळीने, घडलेल्या गोष्टींच्या क्रमाने वहीत उतरवा.

व्याख्यान चालू आहे, श्रोते ऐकत आहेत. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी आहे. ती पाहून गंगाधरपंत अस्वस्थ होतात आणि लोहचुंबकाकडे लोखंड जावं तसे जाऊन तिच्यावर बसतात. वक्ता वाक्याच्या मध्येच थबकतो. श्रोते सांगतात, खुर्ची सोडा. या व्याख्यानमालेला अध्यक्ष नसतो, खुर्ची फक्त प्रतीक म्हणून ठेवली आहे. अध्यक्षीय समारोप, लांबलचक परिचय, आभार या सगळ्याला लोक कंटाळले होते, म्हणून ती प्रथाच त्यांनी मोडीत काढली आहे. गंगाधरपंत ऐकत नाहीत. ९९९ सभांचा अनुभव पाठीशी आहे, पुणेरी श्रोते अंगावर घेतलेले आहेत. ते बोलतच राहतात. टोमॅटो येतात, अंडी येतात, शेवटी जमाव त्यांना उचलून बाहेर काढायला व्यासपीठावर चढतो आणि त्या गर्दीत ते नाहीसे होतात.

प्रसंग विनोदी आहे आणि इथेच वाचक फसतो. विनोद झाला, पुढे चला, असं करू नका. त्याआधी ग्रंथालयात काय झालं होतं ते आठवा. गोऱ्यांची गुलामी न भोगलेला, स्वतःच्या पायावर उभा असलेला, लोकशाहीकडे वळलेला देश त्यांना आवडला होता. आपल्या ओळखीच्या भारताशी ते त्याची तुलना करत होते. संध्याकाळी त्याच देशाचे स्वतंत्र नागरिक समोर बसले आहेत आणि विनम्रपणे, मग तितक्या विनम्रपणे नव्हे, सांगत आहेत की आम्हाला अध्यक्ष नको. पुस्तकात आवडलेली गोष्ट माणसांच्या रूपात समोर आली तेव्हा प्राध्यापकांना ती सोसली नाही. आशयसूत्र आणि व्यक्तिरेखा ज्या बिंदूला मिळतात तो हा.

रिकाम्या खुर्चीकडे जाण्याची ती ओढसुद्धा गोळीसारखीच आहे. क्षुल्लक, क्षणातली, आणि त्यातून पुढचं सगळं घडतं: बखर गर्दीत हरवते, पान तेवढं उरतं, माणूस परत येतो.

विकास झाला की नाही, कसं ठरवायचं

सुरुवातीची आणि शेवटची सारख्या प्रकारची परिस्थिती शोधा आणि वागण्यातला फरक मोजा. गंगाधरपंतांच्या बाबतीत हे सोपं आहे, कारण मापनाची वस्तू एकच आहे: खुर्ची. पानिपतावरच्या परिसंवादात त्यांना हजारावं अध्यक्षीय भाषण करायचं होतं. परत आल्यावर हातात असा पुरावा आहे की सभा गाजवता येईल. घडलेल्याचं विज्ञान गंगाधरपंतांना समजावणारे राजेंद्र देशपांडे तसं सुचवतातही. गंगाधरपंत नकार देतात. हजारावं भाषण आझाद मैदानावर होऊन गेलं, आता अध्यक्षपद नको, आणि तसं आयोजकांना कळवलंही आहे.

म्हणजे बदल आहे, तो एका ठिकाणी आहे आणि तेवढाच आहे. मुलाबद्दल, घराबद्दल, देशाबद्दल ते बदलले असं दाखवणारी ओळ कथेत नाही. तेव्हा ‘साहसानंतर त्यांचा जीवनाकडे पाहण्याचा दृष्टिकोनच पालटला’ असं लिहू नका. पुरावा एका खुर्चीचा आहे, निष्कर्षही तेवढ्याच मापाचा हवा.

राजेंद्र देशपांडे कथेत बदलत नाहीत आणि त्यांनी बदलायचंही नाही. ते समजावून सांगणारे पात्र आहेत. विज्ञानकथेत असं एक पात्र जवळजवळ ठरलेलं असतं, आणि ते सपाट आहे ही तक्रार फारशी उपयोगाची नाही. त्यापेक्षा दोन गोष्टी तपासा. समजावणं कथेच्या ताणात बसतं की ताण संपल्यावर येतं? आणि ऐकणारा फक्त माना डोलावतो की अडवतो? इथे समजावणं ताण ओसरल्यावर येतं, त्यामुळे शेवटचा भाग थोडा वर्गात बसल्यासारखा वाटतो. हे स्पष्ट लिहायला हरकत नाही. पान दाखवल्यावर राजेंद्रांचा सूर बदलतो, तेवढा एक नाट्यमय क्षण तिथे आहे, त्याचीही दखल घ्या.

आशयसूत्राचं वाक्य घडवणं

विषय एका शब्दात सांगता येतो: इतिहास. आशयसूत्रासाठी पूर्ण वाक्य लागतं, आणि ते असं हवं की समोरचा त्याच्याशी वाद घालू शकेल. तीन मसुदे ठेवून पाहा.

पहिला: या कथेत इतिहासाचं महत्त्व सांगितलं आहे. हे वाक्य शंभर कथांना लागू पडेल, म्हणून टाकाऊ.

दुसरा: लहानशा घटनेने इतिहासाची दिशा बदलू शकते. हे बरोबर आहे, पण त्यात गंगाधरपंत कुठेच नाहीत. मुख्य पात्र वगळूनही वाक्य खरं राहत असेल तर ते कथेचं नाही, कल्पनेचं आशयसूत्र आहे.

तिसरा: इतिहास तिळभर कारणाने वळू शकतो हे ज्ञान माणसाला ग्रंथात मोहवतं, पण वळलेल्या इतिहासाने त्याचं स्वतःचं आसन काढून घेतलं की त्याला ते झेपत नाही. यात कल्पना आहे, पात्र आहे, आणि कोणी म्हणू शकेल की छे, खुर्चीचा प्रसंग निव्वळ पुणेरी थट्टा आहे. वाद होऊ शकतो म्हणजे वाक्य कामाचं.

वाक्य ठरलं की शीर्षकाकडे वळा. मराठी वाचकाला इथे एक गोष्ट फुकट मिळते जी इंग्रजी नावात गेली आहे. ‘पानिपत होणे’ म्हणजे धुव्वा उडणे, आणि विश्वास तर पानिपतच्या लढाईत गेला, असं आपण अजून म्हणतो. कथेतल्या दुसऱ्या जगात मराठे जिंकले, तेव्हा तिथे हा वाक्प्रचार जन्मालाच आला नसणार. मग त्या जगात पानिपत झालं कोणाचं? आझाद मैदानावर, टोमॅटोंच्या माऱ्यात, गंगाधरपंतांचं. शीर्षकातला षष्ठीचा प्रत्यय दोन्ही अर्थांनी वाचायचा आहे. तिसऱ्या मसुद्याला याहून चांगला पुरावा मिळणं कठीण.

विज्ञान आणि इतिहास किती तपासायचे

विज्ञानाचं काम एका परिच्छेदात आटपा. कॅटॅस्ट्रोफी थिअरी फ्रेंच गणितज्ञ रने तोम यांच्या नावाशी जोडलेली आहे आणि १९७० च्या दशकात ती फार चर्चेत होती: परिस्थिती हळूहळू बदलत असताना एका टप्प्यावर परिणाम एकदम उडी घेतो. इलेक्ट्रॉन कुठे जाईल हे निश्चित सांगता येत नाही, या क्वांटमच्या मुद्द्यावरून राजेंद्र अनेक वास्तवांकडे जातात. माणूस खरोखर असा उडी मारू शकतो का, हा प्रश्न रसग्रहणाचा नाही. कथा स्वतःचा नियम पाळते का, हा आहे. ट्रकशी टक्कर झाली त्या क्षणी गंगाधरपंत पानिपताचा निकाल उलटा लागला असता तर काय, याच विचारात होते. म्हणून ते भलत्या जगात न जाता त्याच जगात गेले. परत येतानाचं कारण इतकं नेटकं बांधलेलं नाही. ही फट दाखवून द्या.

इतिहासाच्या बाजूने एक खरा आक्षेप आहे आणि चांगल्या लेखात तो यायला हवा. १४ जानेवारी १७६१ ला मराठे लढायला बाहेर पडले ते दोन महिन्यांहून अधिक काळ पानिपतात अडकून, रसद तुटून, उपाशी सैन्यानिशी. एवढं ओझं एका गोळीवर टाकता येईल का? कथेत विश्वासराव वाचतो, सैन्याचा धीर टिकतो आणि लढाई फिरते. इतिहासकार इतक्या सहज मान डोलावणार नाही. पण लेखकाला तिळाएवढं कारणच हवं होतं. रसद वेळेवर पोहोचली असती तर, या गृहीतकावर खुर्चीची कथा उभी राहिली नसती. आक्षेप मांडा, मग लेखकाने ही निवड का केली ते सांगा. दोन्हीला मिळून आठ-दहा ओळी पुरतात.

लिहायला बसताना

आठशे शब्दांचा लेख असेल तर कथासार शंभरात संपवा. बदललेला नियम आणि फरकांची यादी दीडशे, पात्राचे चार प्रश्न दोनशे, जवळून वाचलेला एक प्रसंग दोनशे, आशयसूत्र आणि शीर्षक शंभर, आक्षेप पन्नास. कथासार शंभरात बसत नसेल तर खानसाहेब, रेल्वेचा वेग, गेस्ट हाउसचं जेवण असले तपशील तुम्ही त्यात कोंबले आहेत. ते यादीत न्या.

‘लेखकाला असं सांगायचं आहे की’ हे शब्द सापडतील तिथे खोडा आणि ‘कथेत असं दिसतं की’ लिहून पाहा. पुढचं वाक्य अडखळलं तर पुराव्याची ओळ हाताशी नव्हती.

लेखकाच्या चरित्राचा मोहही आवरायला हवा. नारळीकर खगोलशास्त्रज्ञ होते, १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली विज्ञानकथा टोपणनावाने पाठवली होती, आणि अध्यक्षीय खुर्चीची इतकी टिंगल करणाऱ्या या लेखकाकडे २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आलं. शेवटची गंमत सांगण्यासारखी आहे, पण कथेनंतर कितीतरी वर्षांनी घडलेली ती गोष्ट कथेचा पुरावा होत नाही. तळटीपेत ठेवा.

शेवटची तपासणी पेन्सिलीने करा. कच्च्या लेखातल्या प्रत्येक परिच्छेदात कथेतल्या कृतीचा उल्लेख असेल तिथे टिंब द्या. ज्या परिच्छेदाला एकही टिंब मिळालं नाही, तो बहुतेक वेळा कॅटॅस्ट्रोफी थिअरीचा किंवा इतिहासाच्या महत्त्वाचा असतो. तो काढून लेख पुन्हा वाचा. काही अडलं नाही तर परत घालू नका.